मॉडेल कार: रंग बिघडला म्हणून बॉडी फेकू नका

मागच्या वेळी मॉडेल कारबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त रडगाणी रंगाचीच आहेत, त्यामुळे यावेळी रंगावरच जास्त बोलतो.

प्रश्न: दादा, १:२४ ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) किट आहे. बॉडीला लाल एनॅमल दिला, चार दिवस वाळवला, हात लावला तर एकदम कडक. मग वरून लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या रंगाचा प्रकार) क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत छतावर सुरकुत्याच सुरकुत्या. चुकलं कुठे? बॉडी गेली का आता?

बॉडी अजिबात गेलेली नाही, आधी हे ऐका आणि शांत व्हा. माझ्या तिसऱ्या की चौथ्या गाडीला हेच झालं होतं आणि मी ती रागात फेकून दिली, त्याचं वाईट आजही वाटतं कारण ती सहज वाचली असती.

झालंय असं की एनॅमल वरून कडक लागला तरी आतून पिकायला खूप वेळ घेतो, तो नुसता थिनर उडून वाळत नाही तर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जुळत कडक होतो. लॅकरचा थिनर फार तिखट असतो, तो त्या अर्धवट पिकलेल्या थरात शिरतो, थर फुगतो आणि फुगायला जागा नाही म्हणून सुरकुततो. म्हणून खाली लॅकर आणि वर एनॅमल चालतं, उलटं केलं की रडायची वेळ येते. पॅनल लाइनमध्ये (दार-बॉनेटच्या फटींच्या रेघांत) एनॅमलचा पातळ काळा सोडतात तो याच कारणाने चालतो, खालचा लॅकर त्याला दाद देत नाही.

आता रंग काढायचा. काचा, क्रोमचे पार्ट सगळं बाजूला ठेवा, नुसती बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासत राहा. एनॅमल हट्टी असतो, नाहीच निघाला तर कॉस्टिक सोडावाला ओव्हन क्लीनर वापरतात, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि उघड्या हवेत. नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटेला जाऊ नका, त्यात अ‍ॅसिटोन असेल तर रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळेल. आणि पुढच्या वेळी अख्खा क्रम आधी एका प्लास्टिकच्या चमच्यावर करून बघा, प्रायमर, रंग, क्लिअर, जसं गाडीवर करणार तसंच. चमच्याचा बाक बॉनेटसारखाच असतो त्यामुळे ओघळ कुठे येणार तेही कळतं. माझ्याकडे प्रत्येक रंगाचा एक चमचा आहे, मागे नाव लिहिलेला.

प्रश्न: काळा स्प्रे मारला आणि वाळल्यावर त्यावर दुधासारखी पांढरट झाक आली. कॅन खराब निघाला का?

कॅन नाही हो, हवा दमट होती. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि मग हवेतली वाफ त्याच गार रंगावर बसते. गार ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा किंवा क्लिअरचा ओलसर हात दिला की बऱ्याचदा झाक निघून जाते, कारण वरचा थर परत मऊ होऊन अडकलेला ओलावा बाहेर पडतो. एअरब्रश असेल तर थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाला, रंग सावकाश वाळतो.

प्रश्न: माझ्या गाडीचा रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. वॉटर पेपरने घासला तर कडांवरून प्लास्टिक दिसायला लागलं. लोकांच्या गाड्या आरशासारख्या कशा होतात?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. साल येते कारण रंगाचे थेंब बॉडीवर पोचेपर्यंत निम्मे वाळलेले असतात, मग ते एकमेकांत मिसळून सपाट होत नाहीत. म्हणजे तुम्ही लांबून मारताय किंवा कॅन गार आहे. कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा (कोमट म्हणजे कोमटच, गरम पाणी नाही आणि गॅसजवळ तर मुळीच नाही, कॅन फुटतो), मग साधारण १५ ते २० सेंटीमीटरवरून मारा, हात गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. पहिले दोन हात अगदी हलके, धूळ बसल्यासारखे, आणि मग एक ओला हात ज्यात रंग स्वतःच पसरताना दिसतो. हा ओला हात कधी थांबवायचा ते मात्र चमच्यावरच शिकावं लागतं, लिहून सांगता येत नाही.

आता घासण्याचं. कडांवर रंग आपोआप पातळ बसतो आणि आपण घासताना जोर नेमका तिथेच पडतो. कडांना मास्किंग टेपची पट्टी लावा, सपाट भाग २००० च्या वॉटर पेपरने भरपूर पाण्यात घासा, मग ३०००, मग पॉलिशिंग कंपाउंड, शेवटी टेप काढून कडांवर नुसतं कंपाउंड फिरवा. आणि घासायचा तो क्लिअरचा थर, रंगाचा नाही. मेटॅलिक रंग तर कधीच घासू नका, त्यातली चमक कापली जाते आणि डाग दिसतात.

अजून एक हिशोब सांगतो जो मला फार उशिरा कळला. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून ०.१ मिलिमीटर जाडी झाली तर १:२४ मध्ये ती खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर रंग चढवल्यासारखी होते! म्हणून दारांच्या फटी बुजतात, लोगो गायब होतात आणि गाडी खेळण्यासारखी दिसते. फटी प्रायमरच्या आधीच स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) हलक्या हाताने खोल करून घ्या. लाल-पिवळ्या गाडीला करडा प्रायमर नको, गुलाबी किंवा पांढरा द्या, मग कमी हातात रंग खुलतो. आणि प्लास्टिकच लाल असेल नि वर पांढरा द्यायचा असेल तर मध्ये सिल्व्हरचा एक थर द्या, नाहीतर लाल वर झिरपून गाडी गुलाबी होते.

प्रश्न: काच सुपरग्लूने चिकटवली, सकाळी आतून धुरकट झाली होती.

सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, त्याचा तो पांढरा थर. कंपाउंडने घासून बराचसा निघेल. काचेला पांढरा पीव्हीए ग्लू वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या बोटाने पुसता येतो.

प्रश्न: मुलगी ११ वर्षांची आहे, तिला गाडी बनवायचीय. काय द्यावं?

ग्लू न लागणारी स्नॅप किट, पाण्यात धुता येणारे अ‍ॅक्रिलिक रंग आणि दोन चांगले ब्रश. पहिल्या गाडीला बॉडी रंगवूच नये, प्लास्टिकच्याच रंगाची ठेवावी आणि तिने फक्त सीट, डॅशबोर्ड, दिवे रंगवावेत, गाडी पूर्ण होणं महत्त्वाचं. लॅकर स्प्रे आत्ता नको. आणि तुम्ही मारणार असाल तर कापडी मास्कवर विसंबू नका, थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते, ऑर्गॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो.

प्रश्न: वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात १:२५ ची न जोडलेली किट सापडली. टायर बॉडीला चिकटून तिथलं प्लास्टिक वितळलंय, डिकल (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) पिवळे पडलेत. मला ती त्यांच्यासाठी पूर्ण करायचीय, जमेल का?

जमेल, आणि कराच. जुने टायर विनाइलचे असतात, ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं आणि पॉलिस्टायरिनला खातं. टायर आधी वेगळ्या पिशवीत काढा. खड्ड्यात लांबी भरा, एकदम नाही, पातळ थरांत, प्रत्येक थर एक दिवस वाळवून, मग ४०० आणि ६०० चा पेपर. बदली टायर घ्यायचे झाले तर १:२४ चेही नजरेला खटकत नाहीत, ४.८ मीटरची गाडी एकात २० सेंटीमीटर भरते आणि दुसऱ्यात १९.२, एवढाच फरक.

डिकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेला एखादा नंबर कोमट पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या अख्ख्या कागदावर क्लिअरचा हलका हात द्या, आणि नंतर प्रत्येक डिकल कडेने नीट कापून घ्या कारण आता सगळ्यांवर मिळून एकच पापुद्रा असेल. गाडीवर लावल्यावर दोन दिवस सुकू द्या, क्लिअर पहिल्यांदा अगदी धुक्यासारखा मारा, ओला हात पडला तर डिकल चुरगळेल. आणि स्प्रूवर (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर) काही पार्ट त्यांनी आधीच कापलेले किंवा रंगवलेले दिसले तर ते परत रंगवू नका, तसेच बसवा.