तीन गिटार, एक ड्रमर, शब्द एकही नाही

ऑस्टिन (टेक्सस) इथल्या ‘एक्सप्लोजन्स इन द स्काय’ या बँडची ओळख मागच्या अंकात करून दिली होती. १९९९ पासून हे चौघं गायकाशिवाय वाजवताहेत. त्यावर आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ हा त्यांचा अल्बम ट्रॅक्टरवर लावला. सुरुवातीला काहीच आयकू येत नाही, आवाज वाढवला तं पुढं कानठळ्या बसतात. फाइल खराब आहे काय? – एक वाचक, समुद्रपूर

फाइल चांगली आहे, जागा चुकली. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर कानाशी नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज असतो. पहिलं गाणं, ‘फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा’, सुरू होतं ते गिटारच्या एका सुरानं आणि काळजाच्या ठोक्यासारख्या बास ड्रमनं. ते इंजिनाखाली दबणारच. शिवाय ट्रॅक्टर चालवताना कानात इअरफोन नकोच.

रात्री घरी ऐका. आधी ‘द ओन्ली मोमेंट वी वेअर अलोन’ या दहा मिनिटांच्या गाण्याचा शेवट लावा आणि तिथं सोसवेल एवढा आवाज ठरवा. मग पहिल्या गाण्यावर या आणि बटणाला हात लावू नका. फोनमधला बेस बूस्ट, डॉल्बी आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद करा. ॲपमध्ये आवाजाची पातळी ‘लाऊड’ असेल तर ‘नॉर्मल’ करा. लाऊडमध्ये हळू भाग वर उचलला जातो आणि मोठ्या भागाला लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारी सोय) दाबतो, म्हणजे ज्या फरकासाठी गाणं बांधलं तोच जातो. पाच गाणी, पाऊण तास. शफल करू नका.

बोलच नाहीत तर गाणं पुढं कसं सरकते? – एक वाचिका, तिवसा

तुमच्याकडं खंजिरी भजन ऐकून कान तयार झालेला असेल. तिथं रंग चढतो तो बहुतेक लय वाढवून. इथं लय फारशी हलत नाही, थर चढतात. ‘युअर हँड इन माइन’मध्ये एक गिटार धरा आणि तिच्याच मागं राहा. तिची ओळ फारशी बदलत नाही, भोवतीचं मात्र बदलत जातं. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ड्रम ऐका. बँडचा ड्रमर ख्रिस ह्रास्की स्नेअरवर (खरखरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर) लष्करी संचलनासारखे रोल, म्हणजे सलग जलद फटके, वाजवतो. चढ कुठं सुरू झाला ते तिथं आधी कळतं, गिटारवर नंतर.

आम्ही दोघं मित्र गिटार वाजवतो. एक डिले पेडल, एक ओव्हरड्राइव्ह, एक रिव्हर्ब आहे. तसा आवाज काहून येत नाही? सगळं गढूळ होते. – एक वाचक, आर्वी

बहुधा पेडलचा क्रम उलटा लागलाय. गिटार, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं), डिले (प्रतिध्वनी देणारं), रिव्हर्ब (हॉलसारखी गुंज देणारं) आणि मग ॲम्प. रिव्हर्ब ओव्हरड्राइव्हच्या आधी गेला की त्याची शेपटीही फाटते आणि प्रत्येक सूर पुढच्यावर सांडतो.

डिलेचा वेळ अंदाजानं लावू नका. ६०,००० ला लयीनं भागा: मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ६०० मिलिसेकंद, आणि त्याचा पाऊण म्हणजे ४५०. हा पाऊण ठोकाच कामाचा, कारण प्रतिध्वनी तुमच्या दोन सुरांच्या मध्ये पडतो. तीन-चारच आवर्तनं ठेवा, मिक्स, म्हणजे प्रतिध्वनीचं प्रमाण, एक तृतीयांशाच्या आत. ड्रमर नसेल तर मेट्रोनोम कानात हवाच. लय घसरली की डिले तुमच्याविरुद्ध वाजायला लागतो.

दोघं एकाच सप्तकात वाजवत असाल तर कुठलंच पेडल वाचवणार नाही. एकानं मोकळ्या तारांवर सी कॉर्ड, दुसऱ्यानं पाचव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्डचा आकार धरावा. कॉर्ड तीच, जागा वेगळी. शेवटच्या चढाला वरच्या दोन तारांवर ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भरभर छेडणं: १ मिमी जाडीचा पिक, त्याचं फक्त टोक तारेला लागावं, हालचाल मनगटातून. १२० च्या लयीत सेकंदाला आठ फटके होतात. कोपर आखडला की अर्ध्या मिनिटात हात भरून येतो.

घरघर येत असेल तर तारांना हात लावून पाहा. हात लावल्यावर कमी झाली तर अर्थिंग किंवा गिटारचं शिल्डिंग तपासा. लोडशेडिंगमध्ये चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ॲम्प लावला की भणभण येणारच. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा. डिजिटल डिलेला वेगळं अडॅप्टर द्या, आणि नऊ व्होल्टचं असलं तरी पिनचा ध्रुव पेडलवर छापलेल्या खुणेशी जुळवा. उलटं लागलं तर पेडल जळू शकतं. प्लगची तिसरी पिन मात्र कुणी काही म्हणो, काढायची नाही. अर्थिंग नसलेला ॲम्प आणि समोर माइक, म्हणजे ओठाला शॉक.

झाडीपट्टीच्या नाटकात ऑक्टापॅड वाजवतो. यातले रोल पॅडवर निघतील काय? – एक वाचक, वडसा

निघतील, पण नाटकाचं सेटिंग तसंच ठेवून नाही. तिथं प्रत्येक फटका मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, म्हणून बरेच जण कर्व्ह (फटक्याच्या जोरावर आवाज किती हे ठरवणारं सेटिंग) फिक्स करून ठेवतात. मग हळू मारा की जोरात, आवाज एकच, आणि रोल शिवणयंत्रागत वाजतो. कर्व्ह लिनिअर करा, संवेदनशीलता थोडी वाढवा. एका फटक्याला दोन आवाज निघायला लागले तर मास्क टाइम (एका फटक्यानंतर पॅड दुसरा फटका न घेण्याचा वेळ) किंचित वाढवा. स्नेअरच्या पॅचवरचा रिव्हर्ब जवळपास शून्यावर आणा. हॉलची गुंज गिटारवाल्यांकडं आधीच भरपूर आहे.

चढ सोळा मात्रांचा नाही, सोळा बारचा धरा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन). पहिले चार बार फक्त टॉम, काठी पॅडपासून दोन-तीन बोटं वर. पुढच्या चारांत स्नेअर आणा, पण आवाज तेवढाच ठेवा. नवव्या बारपासून काठीची उंची वाढवत जा. झांज तेराव्या बारच्या आत वाजली तर शेवटी वाढवायला हातात काहीच उरत नाही, आणि नवखा वादक बहुतेक वेळा तिथंच फसतो.