आयसीयूत जाऊ की वॉर्डातच थांबू?

प्रश्न : आदरणीय सिस्टर, मी गुहागर तालुक्यातली, वय 23. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर चिपळूणच्या एका खासगी रुग्णालयात मेल मेडिकल वॉर्डात 14 महिने काम करते आहे. आमच्या आयसीयूतल्या दोन स्टाफ एकदम सोडून गेल्या. एक तारखेपासून तिकडे येतेस का, असं मेट्रन मॅडमनी मला विचारलंय. पाच दिवस कुणाबरोबर तरी काम करायचं आणि सहाव्या दिवसापासून एकटीची नाईट. मला आयसीयूत जायचंच होतं. पुण्याला नोकरी करणारी माझी मैत्रीण म्हणते, वॉर्डात जास्त राहिलीस तर गोळ्या वाटण्यापलीकडे तुला काही येणार नाही. पण खरंच वेळ आली तसा पोटात गोळा आलाय. वॉर्डात मला आत्ता कुठे जमायला लागलंय. व्हेन पटकन सापडते, पुढच्या पाळीला ओव्हर देताना अडखळत नाही. तिकडे पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमच्या इनचार्ज सिस्टरना वाईट वाटेल, तेही आहेच. हातून काही चूक होईल या विचाराने झोप लागत नाही. काय करू? – एक स्टाफ नर्स

उत्तर : बाय माझे, आयसीयूत जा. पण पाच दिवसांच्या बोलीवर जाऊ नकोस. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. माझ्या बाबतीत ते घडून गेलंय, म्हणून आधी ते सांगते.

मी दापोलीकडची. तुझ्याच वयाची असताना एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दीड वर्ष फिमेल मेडिकलला होते. एका पावसाळ्यात तिथल्या आयसीयूत माणसं कमी पडली. मला दोन दिवस फिरवून सगळं दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी नाईट लावली. ताशी ठरावीक औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाला मी तोवर हात लावलेला नव्हता. पण तसं कुणाला सांगितलं नाही. दीड वर्षाची स्टाफ आणि हिला एवढंही येत नाही, असं म्हणतील याची लाज वाटली. पहाटे बीपी वाढवणाऱ्या डोपामिनची सिरिंज बदलली आणि ताशी 2.5 मिलीऐवजी 25 टाकलं. शेजारचा बेड सांभाळणाऱ्या ब्रदरनी मॉनिटरवर बीपी चढताना पाहिलं, धावत येऊन पंप थांबवला, डॉक्टरांना बोलावलं. त्या आजी वाचल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चूक माझी होती, आणि मला तिसऱ्या दिवशी एकटीला उभं करणाऱ्यांचीही होती.

म्हणून मेट्रन मॅडमना भेटशील तेव्हा 'मला जमेल का माहीत नाही' असं मोघम बोलू नकोस. काय येत नाही ते नाव घेऊन सांग. व्हेंटिलेटर, धमनीतली आर्टेरियल लाइन, सिरिंज पंप, एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी. आणि निदान चार आठवडे रोस्टरमध्ये मला जादा धरा, माझ्या नावावर स्वतंत्र रुग्ण देऊ नका, असं माग. चार आठवडे हा माझ्या अनुभवाचा आकडा आहे, कुठल्या नियमातला नाही. त्यातल्या पाच-सहा तरी नाईट जुन्या स्टाफबरोबर हव्यात, कारण दिवसाची आयसीयू आणि रात्री तीन वाजताची आयसीयू यांत फार फरक असतो. तीन आठवडे मिळाले तरी घे. पाच दिवसांवरच अडून बसले तर आत्ता नको म्हण. त्या दोघी एकदम का सोडून गेल्या, हेही विचारून ठेव. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स हवी असं मानतात. तुमच्याकडे रात्री एकीच्या वाट्याला किती येतात, ते तिथल्या मावशींना विचार. त्या खरं सांगतील.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ते वाचून मला राग आला. तिने कोकणातला मेडिकल वॉर्ड पाहिलेला दिसत नाही. लावणी आटोपत आली की तापाचे रुग्ण सुरू होतात. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावला तरी कळवळतात. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, रिपोर्ट हातात पडायच्या आधी रुग्णाची लघवी कमी झाली हे कुणाच्या लक्षात येतं? जी मन लावून इनटेक-आउटपुट, म्हणजे पोटात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली, ते लिहिते, तिच्या. पुढे तोच रुग्ण धाप लागून आयसीयूत जातो. तिथल्या स्टाफच्या हाती तो बिघडल्यावर येतो. बिघडत जाताना त्याला तू पाहिलेलं असतंस.

रक्त गोठू न देणारा फुरसं साप चावलेला माणूस आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून गोठलंय का बघायचं. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असली तर निकाल फसवतो. मण्यार सापाच्या दाताची खूण तर कित्येकदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि बघता बघता त्याच्या पापण्या जड व्हायला लागतात. त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावायचं. मघाशी वीसपर्यंत गेला होता आणि आता बारावरच थांबला, तर डॉक्टरांना झोपेतून उठवायचं. श्वासाचे स्नायू थकत चाललेत हे त्या मोजणीत कळतं. 14 महिन्यांत यातलं काही ना काही तुझ्या हाताखालून गेलं असेलच.

विंचवाचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि कितीतरी जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाडी, बीपी, घाम, गार पडलेले हातपाय हे रुग्णाजवळ बसून पुन्हा पुन्हा बघणं हा त्या उपचाराचा गाभा आहे, आणि ते काम रात्रभर करते वॉर्डातली स्टाफ. प्राझोसिन दिल्यावर रुग्णाला एकदम उठून उभं राहू द्यायचं नाही, बीपी पडतं, हे आम्ही किती नातेवाइकांना बजावलं असेल! तुझ्या मैत्रिणीला हे जरूर सांग.

एवढं सगळं तुझ्याबरोबर येईल. नवीन काय असेल, तर वॉर्डातला माणूस बोलतो. सिस्टर, छातीत कसंतरी होतंय, म्हणतो. श्वासासाठी नळी घातलेला, झोपेच्या औषधावरचा माणूस काहीच म्हणत नाही. अलार्म वाजला की नव्या स्टाफचा हात मशीनकडे जातो. तू आधी माणसाकडे बघ. छाती दोन्ही बाजूंनी उचलली जातेय का, ओठांचा रंग कसा आहे, नळी किती सेंटिमीटरवर बांधली होती आणि आता किती आहे. मग मशीन. आणि त्याला ऐकू येत नाही असं कधी धरून चालू नकोस. सक्शनच्या, म्हणजे नळीतला कफ ओढायच्या आधी, कूस बदलायच्या आधी नावाने हाक मारून सांग. हर्णै बंदरावरचा एक तांडेल बरा होऊन वॉर्डात गेला, तेव्हा मी त्याला भेटायला गेले. चेहऱ्यावरून त्याने मला ओळखलं नाही. बोलले तशी म्हणाला, "घाबरू नका, कूस बदलतेय, असं सांगणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

पहिले तीन महिने तुला आपण मठ्ठ आहोत असं वाटेल. मी लेबर रूमला गेले तेव्हा नोकरीला आठ वर्षं झाली होती, तरी प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या पार्टोग्राफवर पहिली खूण करताना हात थरथरला. पण तिथे पहिल्याच सकाळी मी सांगून टाकलं होतं की मला यातलं काही येत नाही. तिथल्या इनचार्ज सिस्टरनी सहा आठवडे मला शेजारी उभं केलं. आधी नुसतं बघायचं, मग त्यांचा हात माझ्या हातावर, मग माझा हात आणि त्यांची नजर. प्रसूतीनंतर गर्भाशय घट्ट झालंय की नाही हे पोटावर हात ठेवून ओळखायला मी अशी शिकले. कुणी नुसतं सांगून ते शिकवता आलं नसतं.

तुमच्या इनचार्ज सिस्टरना तू स्वतः सांग, रोस्टर लागायच्या आधी. त्यांना वाईट वाटेल, पण दुसऱ्याकडून कळलं तर जास्त वाटेल.

कागदपत्रांचंही बघ. अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचं नाव आणि तारखा लिहून घे, नुसतं 'स्टाफ नर्स' नको. बॉण्डवर सही मागितली तर घरी नेऊन वाच आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नकोस. क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, पण त्याची घाई नको. आधी वर्षभर आयसीयूत काढ. ते काम आवडलं नाही तर वॉर्डात परत ये, किंवा लेबर रूम, ओटी, डायलिसिस बघ. तू 23 वर्षांची आहेस गो.

राहिली झोप. एक वही कर. तुमच्या आयसीयूत रोज लागणारी दहा औषधं लिही, पातळ किती करायचं, ताशी किती मिली, काय झालं तर थांबवायचं. पोटॅशियम क्लोराइड पहिल्या पानावर लाल पेनाने लिही, ते सरळ शिरेत कधीच ढकलायचं नाही. आणि पंपाचं माझं ऐक. त्या पहाटेनंतर निवृत्त होईपर्यंत मी आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय पंप सुरू केला नाही. आसपास कुणी नसलं तर बाजूच्या वॉर्डातून स्टाफ बोलावून घेतली. काही जणी वैतागायच्या, पण आल्या नाहीत असं कधी झालं नाही. तूही बोलाव.