पहिल्यांदाच कपाशी लावतोयस? आधी बोंडअळीचं ऐक

भाऊ, बीटी (म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं बियाणं) लावलं म्हणजे अळीची चिंता मिटली, असं धरून चालू नकोस. 2002 साली बीटी आलं तेव्हा हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, ते श्रेय द्यायलाच हवं. पण गुलाबी अळी आता बोलगार्ड-2 या दोन जनुकांच्या बीटीमधल्या दोन्ही जनुकांना दाद देत नाही. म्हणून पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे) लाव. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठेक पतंग सापडले, की मगच फवार. डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबकळीसारखं मिटून राहिलेलं फूल, दिसली की तोडून नष्ट कर, आत अळी बसलेली असते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून काढलेला कापूस, तर घेऊच नकोस; त्यावर अळी टिकून राहते आणि तुझ्या चार बोंडांपायी शेजाऱ्याचं पुढचं पीक जातं. आणि विनापरवाना तणनाशकरोधक बियाणं कुणी गुपचूप देऊ केलं तर सरळ नाही म्हण. पावती नाही, मग उगवलं नाही तर तक्रार कुठे करशील?