मंडळीत सेवा करताना मनात गर्व येतो. रोजच्या ख्रिस्ती जीवनात नम्र कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की सेवेबद्दल कुणी कौतुक केलं की आतून सुखावता, मग त्याचीच टोचणी लागते. आणि कुणी दखल घेतली नाही तर राग येतो. मी या दोन्हींतून गेले आहे, अजूनही जाते. मला जे उमगलं तेवढं सांगते.

बायबलमध्ये लूक 18 मध्ये येशूने मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला सांगितला आहे: एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, आणि दुसरा लोक पापी समजत तो जकातदार. त्यातला परूशी पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्याला ढोंगी ठरवून आपण मोकळे होतो, पण तो खोटं बोलतोय असं येशू कुठेच म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. मोशेच्या नियमशास्त्रात नेमलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा त्याहून कितीतरी जास्त करत होता. प्रार्थनेची सुरुवातही देवाचे आभार मानूनच करतो. फक्त आभार मानता मानता त्याची नजर जकातदाराकडे वळते. माझ्या मनात गर्व शिरतो तोही बहुतेक वेळा याच वाटेने. चांगलं काम केल्याने नव्हे, तर ते दुसऱ्याच्या कामाशेजारी ठेवून पाहिल्याने.

पण माझा मोठा गर्व वेगळाच निघाला. एकदा हात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर होतं. मंडळीतल्या एक बाई भांडी घासायला येऊ का म्हणाल्या. मी ‘नको नको, कशाला त्रास’ म्हणत राहिले. त्या ऐकेनात, आल्याच. आत खाटेवर बसून मी भांड्यांचा आवाज ऐकत होते आणि लाजेने जीव अर्धा झाला होता. आपण नेहमी देणारे, इतरांनी घ्यायचं, हे मनात किती घट्ट बसलं होतं ते तेव्हा दिसलं. त्या रात्री बायबलमधलं योहान 13 काढलं, जिथे येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो. ‘माझे पाय कधीच धुवायचे नाहीत’ असं म्हणणारा शिष्य पेत्र मला आजवर नम्र वाटायचा. येशू मात्र त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. आणि त्या खोलीत येशूला धरून देणारा यहूदाही होता. त्याचेही पाय धुतले गेले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: मदत घ्यायला शिका. कुणी कौतुक केलं तर ‘छे, मी कुठे काय केलं’ म्हणू नका. त्यावर समोरच्याला आणखी दोन वाक्यं कौतुक करावं लागतं. ‘धन्यवाद’ म्हणा आणि थांबा. माफी मागताना ‘पण’ येऊ देऊ नका, विशेषतः घरात. बाहेर गोड बोलून घरी आवाज चढवणं मला फार वर्षं दिसलंच नव्हतं. ज्याच्या गाण्याचा किंवा संदेशाचा हेवा वाटतो, त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा. सुरुवातीला शब्द घशात अडकतात, तरी करा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. नम्रता म्हणजे अन्याय निमूट सोसणं नव्हे. अटकेनंतर महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने उलटून हात उगारला नाही, पण ‘मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?’ हे विचारलंच. नम्रतेच्या नावाखाली कुणी तुम्हाला दाबत असेल तर तिथे बोलायलाच हवं.

आणखी एक करून पाहा. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका व्यक्तीला सांगून ठेवा की माझं काही खटकलं तर तोंडावर सांगा. मी त्या भांडी घासणाऱ्या बाईंनाच सांगितलंय. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, ‘बायबल अभ्यासात तुम्ही इतरांचं वाक्य पुरं होऊ देत नाही.’ लागलं. दोन दिवस मनातल्या मनात सबबी शोधल्या. आता माझ्या वहीच्या कोपऱ्यात ‘थांब’ असं लिहिलेलं असतं, आणि बोलण्याआधी मी तिकडे पाहते.