विहिरीत टेप सोडण्याआधी

प्रश्न : गावातल्या वीस विहिरींची पातळी आम्ही दरमहा मोजून फलकावर लिहितो. पण एकच विहीर आठवड्यात दोन मीटर खाली-वर दिसते आणि शेजारशेजारच्या विहिरींचे आकडे जुळत नाहीत. लोक हसतात. चूक कुठे होते? (पारनेर तालुका)

उत्तर : टेप बरोबर असते, वेळ चुकते. मोटर बंद करून दोन तासांत मोजलेली पातळी भूजलाची नव्हे, उपशाने पडलेल्या खड्ड्याची. आपल्या बेसॉल्टात पाझर मंद, विहीर भरून यायला रात्र लागते. म्हणून किमान 12 तास उपसा बंद ठेवा आणि सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत मोजा. शेजारची मोटरही बंद हवी. टेप विकत घेण्यापेक्षा हे जमवणं अवघड, हे मान्य.

मोजायची जागा एकच असावी. कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढा, तिथून जमिनीपर्यंतची उंची एकदाच मोजून वहीत लिहा. टेप 9.40 मीटर दाखवते आणि कठडा 0.80 मीटर असेल, तर पाणी जमिनीपासून 8.60 मीटरवर. निम्मे मोजणारे कठडा वजा करतात, निम्मे करत नाहीत, मग फलक भांडणाचा विषय होतो.

शेजारशेजारच्या विहिरी एकमेकींशी ताडूच नका. टेकाडावरच्या विहिरीत पाणी खोल असणारच. प्रत्येक विहीर तिच्याच मागच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते. ते चार महिने तुम्हीही चुकवू नका.

बोअर मात्र विहिरींच्या सरासरीत मिसळू नका, तिचं पाणी बहुधा खालच्या थरातलं असतं. मोटर सोडलेल्या बोअरमध्ये टेप केबलला अडकते, तेव्हा वापरात नसलेली बोअर निवडा. वरच्या झऱ्याचं पाणी आतल्या भिंतीवरून गळत असेल तर टेप वरच ओली होते आणि पातळी चढलेली भासते. दोनदा मोजा. दोन्ही वेळा आकडा एका-दोन सेंटिमीटरच्या आत जुळला तरच लिहा.

प्रश्न : पाण्याचं मीटर नाही. उपसा किती होतो ते कसं काढायचं?

उत्तर : 200 लिटरचं बॅरल पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. 40 सेकंदांत भरलं तर सेकंदाला 5 लिटर, तासाला 18,000. रोज 6 तास मोटर चालली तर 1,08,000 लिटर. हे मोजमाप ऑक्टोबरमध्ये एकदाच करून वर्षभर तेच गुणत बसू नका. पाणी खोल गेलं की तीच मोटर तासाला कमी फेकते, वीजबिल मात्र तेवढंच दिसतं. फेब्रुवारीत पुन्हा बॅरल लावा.

हा आकडा पातळीशी जोडून बघा. झिजलेल्या आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकातून मोकळं होणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. घट्ट काळ्या पाषाणात ते कितीतरी कमी. म्हणजे 100 हेक्टरवर पातळी एक मीटर उतरली, तर गेलेलं पाणी 2 कोटी लिटर. वरच्यासारख्या वीस मोटरी ते नऊ-सव्वानऊ दिवसांत उपसतात.

प्रश्न : ओढ्याचा प्रवाह घरच्या घरी मोजता येईल का?

उत्तर : हिवाळ्यातल्या बारीक धारेसाठी काटकोनी व्ही-खाचेचा पत्रा उत्तम, म्हणजे वरच्या कडेला इंग्रजी V सारखी खाच कापून ओढ्यात आडवा रोवलेला पत्रा; सगळं पाणी खाचेतूनच पडायला हवं. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची 10 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, 20 असेल तर 24.7. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीवर जातं. म्हणूनच 10 सेंटिमीटरवर एका सेंटिमीटरची चूक प्रवाहात पाव हिश्श्याची चूक होते. पट्टी खाचेत धरू नका, तिथे पाणी वाकतं. पत्र्याच्या मीटरभर मागे, पाणी येतं त्या बाजूला खुंटी ठोका, तिचा माथा खाचेच्या तळाशी समपातळीत आणा आणि त्यावरचं पाणी मोजा. पत्र्याखालून पाणी झिरपत असेल तर काळी माती ठेचून भरा. मागे साचलेला गाळ दर आठवड्याला काढा.

प्रश्न : आमच्या वहीतली घट दाखवून दुष्काळ जाहीर करून घेता येईल?

उत्तर : थेट नाही. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पावसाची तूट किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड बघतात; मग पीक-पेरा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल आणि भूजल, प्रवाह, धरणसाठ्याचे निर्देशांक; शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पीकपाहणी. एकक तालुका असतो. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्याने 40 तालुके जाहीर केले, आणि बाहेर राहिलेल्या महसूल मंडळांचा (तालुक्यातल्या गावांच्या गटांचा) प्रश्न पुढच्याच महिन्यात वेगळा हाताळावा लागला.

वही कामाला येते टंचाई आराखड्यात, म्हणजे पाणीटंचाईवरच्या उपायांच्या सरकारी नियोजनात. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. ‘मार्चअखेर गावविहीर आटेल’ हे मोघम लिहिण्याऐवजी ऑक्टोबर आणि जानेवारीचे आकडे, विहिरीची एकूण खोली आणि दर महिन्याची उतरण जोडा. टँकर किंवा खासगी विहिरीच्या अधिग्रहणाची मागणी मग महिन्यासकट मांडता येते.