मुळात चकमकीची, पण नंतर टोपीवर बदललेली जुनी अमेरिकन रायफल संग्रहासाठी घ्यावी का?

घ्या. नळी आणि दस्ता मूळचे असतील तर बेलाशक घ्या.

तुम्हाला पेनसिल्व्हेनियातली एक जुनी ठासणीची रायफल मिळतेय, विक्रेता तिला 'गोल्चरची' म्हणतोय आणि ती मुळात चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी होती आणि नंतर टोपीवर, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर बदलली असंही सांगतोय. ती बिघडवलेली म्हणून सोडावी, की घेऊन पुन्हा चकमकीची करून घ्यावी, आणि पुढे भारतात नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. यातल्या मधल्या प्रश्नाने माझी जुनी खपली काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. नवरा गेल्यावर भिंतीवरची रायफल काय मोलाची आहे ते बघायला त्यांनी मला बोलावलं. मी ती उतरवून खिडकीपाशी नेली. लांबलचक अष्टपैलू नळी, तोंडापर्यंत गेलेला लहरदार मेपलचा दस्ता, त्यावर पितळी झाकणाची पेटी आणि पेटीच्या माथ्याशी लँकेस्टरच्या कारागिरांचं ते डेझीचं फूल. रंजकाच्या (पेट देणाऱ्या बारीक दारूच्या) छिद्राला आटे पाडून तिथे लोखंडी ड्रम बसवलेला, ड्रमवर टोपी बसवायचं निपल. लॉकच्या (घोडा ज्यावर चालतो त्या यंत्राच्या) पट्टीवरून रंजकदाणी काढून टाकल्याच्या खुणा, स्क्रूची भोकं बुजवलेली, पण बोट फिरवलं की कळत होती. ड्रमच्या मागे टोप्या उडून उडून लाकडाला काळा खळगा पडला होता. गाल टेकतो तिथली कोरीव वेल झिजून मऊ झाली होती. ही रायफल कुणीतरी आयुष्यभर वापरली होती, आणि ते सगळं अंगावर वाचता येत होतं. मी आजींना म्हटलं, हलकं तेल लावा, बाकी कशालाही हात लावू नका.

त्यांनी ती एका विक्रेत्याला विकली. काही महिन्यांनी एका गन शोमध्ये तीच रायफल टेबलावर दिसली. तपकिरी नळी घासून आरशासारखी केलेली, दस्त्यावर सँडपेपर मारून वर व्हार्निश, वेलीची धार सपाट. ड्रम गायब, नवी रंजकदाणी, नवा घोडा, आणि चिठ्ठीवर 'मूळ चकमकीची'. लाकूड एवढं घासूनही तो काळा खळगा मात्र गेला नव्हता. वर रंजकदाणीला जळल्याचा डागसुद्धा नाही आणि मागचं लाकूड टोपीने जळलेलं! मी ते त्याला दाखवलं, तर म्हणाला, "कारागिराने जशी घडवली तशी मी परत केली." आमची तिथेच जुंपली, आणि तो माणूस भेटला की अजूनही जुंपते.

मी त्याला दरवेळी एकच विचारतो. ड्रम बसवणारा कारागीर नव्हता का? स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, जोशुआ शॉने टोपीचं अमेरिकन पेटंट १८२२ मध्ये. पुढच्या काही दशकांत शेतकऱ्यांनी, शिकाऱ्यांनी आपल्या चकमकीच्या बंदुका गावातल्या बंदूकवाल्याकडे नेल्या, कारण टोपी पावसातही पेटते आणि बदल करून घेणं नव्या रायफलीपेक्षा स्वस्त पडायचं. म्हणूनच न बदललेल्या कमी उरल्या, त्यांचे भाव चढले, आणि विसाव्या शतकात ही 'परत चकमक' करण्याची लाट आली. हे भावासाठी केलेलं काम आहे. त्याला जीर्णोद्धार म्हणणाऱ्याकडून मी स्क्रूसुद्धा घेणार नाही.

आता गोल्चर. हे नाव लॉकच्या पट्टीवर असेल, तर ते लॉक बनवणाऱ्याचं. गावोगावचे कारागीर तयार लॉक विकत आणून बसवत. रायफल घडवणाऱ्याचं नाव असलंच तर नळीच्या वरच्या पैलूवर शोधा. तिथेही सावध राहा, कारण न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या रेमिंग्टन कारखान्याच्या नळ्याही सगळीकडे विकल्या जात. गोल्चरची लॉक बहुतेक टोपीची, म्हणजे तुमच्या रायफलीचं अख्खं लॉकच बदललेलं असू शकतं. पट्टीभोवती लाकडाचे तुकडे भरलेत का ते बघा. हॉकेनचं नाव दिसलं तर आधी खोटं समजा. सेंट लुईसच्या त्या बंदूकवाल्या भावांच्या नावाने भरपूर नकला फिरतात.

किमतीचं फोटो पाहिल्याशिवाय सांगणार नाही. साधी, बिननावाची अर्ध्या दस्त्याची (लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंतच असलेली) रायफल हजार डॉलरच्या आतबाहेर मिळते, कोरीव कामाची लँकेस्टर त्याच्या कितीतरी पट. बार उडवायची हौस असेल तर नवी प्रतिकृती घ्या. फ्रेंडशिप, इंडियाना इथे ठासणीच्या रायफलींच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात, तिथे हाताळायला भरपूर मिळेल.

भारताचं म्हणाल तर, १८९८ पर्यंतची बंदूक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरते. राज्यांचे नियम वेगळे. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, कोकणात शेतसंरक्षणासाठी काढतात तसा. परवाना आणि आयातीची परवानगी हातात असल्याशिवाय पेटी बांधू नका.

दोन गोष्टी राहिल्या. लाल, भुकटी सुटणारा गंज थांबवावाच लागतो. तेलात भिजवलेली सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा आणि तपकिरी थर दिसताच थांबा. दुसरं, या बंदुका बरेचदा शंभर-दीडशे वर्षं भरलेल्याच पडून असतात. गज तोंडातून आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेरून नळीवर धरून बघा. निपलच्या बराच अलीकडे थांबत असेल तर आत बार आहे असं समजा आणि जाणकार बंदूकवाल्याकडे न्या. ओढाताण करू नका.

लॉक बाहेर काढून आतल्या बाजूचा, वरच्या पैलूचा आणि ड्रममागच्या लाकडाचा फोटो टाका. मग किमतीचं बोलू.