कॉन्झर्व्हेटिव्ह : पुराणमतवादी, परंपरावादी की उजवा?

प्रश्न असा आहे : जगभरच्या राजकीय बातम्यांचा रोज ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ बाजूने समाचार घेणाऱ्या एका सदराची ओळख मराठीत करून द्यायची आहे. शब्दकोशात ‘पुराणमतवादी’ मिळतो. तेव्हा ‘दिवसभराच्या बातम्या, पुराणमतवादी नजरेतून’ असे लिहावे का?

माझ्या मते लिहू नये. ‘पुराण’चा अर्थ इथे जुने एवढाच आहे, अठरा पुराणांशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे फोड करून पाहिली तर शब्दात काही वावगे दिसत नाही. पण शब्द वापरातून ओळखावा लागतो. पुराणमतवादी आपल्याकडे समाजसुधारणेच्या वादात वावरलेला शब्द आहे. आगरकरांनी १८८८ साली पत्र काढले त्याचे नावच ‘सुधारक’, आणि सुधारकाच्या समोरचा तो पुराणमतवादी, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले आहे. विधवाविवाहाला, मुलींच्या शिक्षणाला आडवा येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कोणी स्वतःहून ‘मी पुराणमतवादी आहे’ असे सहसा म्हणत नाही; दुसऱ्याला म्हणतो. तुमच्या सदराचा लेखक मात्र हे बिरुद स्वतःच मिरवतो आहे. माणूस स्वतःची ओळख सांगत असेल तर ती सांगताना विरोधकाच्या तोंडचा शब्द त्याच्या तोंडी घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे, मग त्याची मते आपल्याला पटोत वा न पटोत.

एक वाक्य घेऊन बघू. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन यांनी २०११च्या पक्ष अधिवेशनात समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसे एकमेकांशी बांधली गेली, एकमेकांना वचने दिली की समाज बळकट होतो, असे आम्ही मानतो, म्हणून मी कॉन्झर्व्हेटिव्ह असूनही नव्हे, तर कॉन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच या विवाहाला पाठिंबा देतो. आता इथे ‘पुराणमतवादी आहे म्हणूनच’ असे घालून वाचा. वाक्याची पार वाट लागते, वाचकाला छपाईची चूक वाटेल. ‘परंपरावादी आहे म्हणूनच’ असे वाचले तर थबकायला होते, पण युक्तिवाद कळतो : विवाह ही जुनी संस्था आहे, तिला जपायचे तर तिचे दार थोडे रुंद करू. ही मांडणी त्यांच्याच पक्षातल्या अनेकांना मान्य नव्हती. फेब्रुवारी २०१३मध्ये विधेयकावर मतदान झाले तेव्हा त्यांच्या खासदारांपैकी बाजूने मत देणाऱ्यांपेक्षा विरोधात देणारे जास्त निघाले. दोन्ही गट स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणवत होते. शब्द निवडायचा तो या दोघांनाही सामावणारा हवा.

विचाराचे मूळही तसेच आहे. अठराव्या शतकातले ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क यांना या परंपरेचा आद्यपुरुष मानतात, आणि गंमत म्हणजे ते होते व्हिग पक्षाचे, म्हणजे टोरींच्या (ज्यांच्यातून पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला त्यांच्या) विरुद्ध बाजूचे. फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९०मध्ये लिहिताना त्यांनी म्हटले की ज्या राज्याकडे बदल करण्याचे साधन नाही, त्याच्याकडे स्वतःला टिकवण्याचेही साधन नाही. यात भर आहे तो जपण्यावर. बदल हवा, पण हळूहळू, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या संस्था न मोडता. ‘प्रतिगामी’ आणि ‘सनातनी’ हे शब्द इथे बसत नाहीत ते यामुळे. ‘जपणे’ म्हणजे संरक्षण, म्हणून ‘संरक्षणवादी’ करावा असे कुणाच्या मनात येईल, पण ती जागा अडलेली आहे : संरक्षणवाद म्हणजे देशी मालासाठी आयातीवर जकात लावण्याचे धोरण. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४६मध्ये धान्य आयातीवरचे कायदे रद्द केले आणि याच प्रश्नावर त्यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष फुटला. तो प्रसंग ‘संरक्षणवादी’ शब्द घेऊन सांगायला जा, काय घोळ होईल पाहा.

‘उजवा’ हा शब्द सोयीचा आहे, बातमीत चालतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत १७८९मध्ये राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, तिथून तो आला. पण त्याचा पसारा फार मोठा आहे. २००२च्या फ्रेंच अध्यक्षीय निवडणुकीत दुसऱ्या फेरीत झाक शिराक विरुद्ध ज्याँ-मारी ल पेन असा सामना झाला. दोघेही उजवेच, तरी डाव्यांनी मोठ्या संख्येने शिराक यांना मते दिली. अशा वेळी एकाला उजवे आणि दुसऱ्याला अतिउजवे म्हटल्याखेरीज बातमी कळत नाही. शिवाय मराठीत ‘उजवा’ म्हणजे सरसही. ‘बातम्यांकडे उजवी नजर’ या मथळ्यातून सदर आपली फुशारकी मारते आहे असे वाटण्याचा धोका आहे.

ब्रिटनच्या पक्षासाठी आपल्या वृत्तपत्रांनी रुळवलेला ‘हुजूर पक्ष’ मला मनापासून आवडतो. हुजूर मूळ अरबी, अर्थ सान्निध्य; आपल्याकडे तो राजदरबाराशी जोडला गेला. टोरी हे राजाच्या वारसाहक्काच्या बाजूने उभे राहिलेले लोक, तेव्हा अर्थ जुळला, आणि समोर ‘मजूर पक्ष’ असल्याने यमकही. फक्त हे नाव ब्रिटनपुरतेच ठेवावे. कॅनडाच्या पक्षाला ‘हुजूर’ म्हणू नये, तिथे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष’ असे लिप्यंतर बरे. आणि ऑस्ट्रेलियात तर हा विचार मानणाऱ्यांचा मोठा पक्ष लिबरल नावाने ओळखला जातो, त्याला नावावरून ‘उदारमतवादी’ म्हणून मोकळे होऊ नये.

उलट टोक सोव्हिएत रशियाचे. ऑगस्ट १९९१मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांनाही इंग्रजी बातम्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटले जाई. ते तर कट्टर कम्युनिस्ट! तिथे परंपरावादी विचित्र वाटेल आणि उजवे तर साफ चूक ठरेल. ‘सुधारणाविरोधी’ किंवा ‘जैसे थे’वाले हेच नेमके.

तुमच्या सदरासाठी मी लिहीन : ‘जगभरच्या राजकीय घडामोडी, परंपरावादी नजरेतून’. त्यात कर, बाजारपेठ, सरकारी खर्च हेच विषय जास्त असतील तर पहिल्या परिच्छेदात ‘उजव्या आर्थिक विचारांचे’ एवढे जोडावे, कारण परंपरावादी शब्दातून ती बाजू कळत नाही. आणि सदरात कुठे निवडणुकीच्या जागांचा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ अंदाज आला, तर तिथे यातला एकही शब्द नको. तो ‘सावध अंदाज’, किंवा ‘कमीत कमी धरला तरी’.